रानांतील व्यायामगुरु : जॉर्ज एबेर

शाळेच्या कुंपणाशीं असलेल्या वडावर मधल्या सुट्टींत कांहीं मुलें चढतात, पारंब्यांस लोंबकळतात, सूरपारंब्या खेळतात, आणि घंटा झाली कीं धूळ झटकीत वर्गांत येतात. मी त्यांस पुष्कळ वेळां रागें भरलों आहें. घरीं त्यांचे आईबापही भरत असतील. परंतु ज्या गृहस्थांचें चरित्र आज वाचकांस सादर करावयाचें आहे, त्यांच्या मतें हीं मुलें वेळ दवडीत नसून शरीरास अत्यंत अवश्य असे धडे गिरवीत असतात. हें चरित्र अभ्यासल्यापासून माझा राग थोडा आवरता झाला आहे, हें कबूल केलें पाहिजे.

जॉर्ज एबेर यांचा जन्म पॅरिस शहरीं ता. २७ एप्रिल १८७५ रोजीं झाला. तरुणपणीं ते फ्रेंच आरमारांत अधिकारी झाले, व त्या नोकरीच्या निमित्तानें त्यांस दूरदूरचे देश पाहावयास मिळाले. आफ्रिकेंत व इतरत्र जे अरण्यवासी लोक त्यांच्या दृष्टीस पडले, त्यांच्या शरीरांचा सुबकपणा, लवचिकपणा व चपळाई पाहून ते थक्क झाले. ह्या लोकांस व्यायामशाळा ठाऊक नव्हती कीं व्यायामशिक्षक ठाऊक नव्हता. झाडावर चढणें, ओझें वाहणें, नदी ओलांडणें, शिकारीमागें धांवणें, हीच त्यांची तालीम. त्यांच्या कष्टमय जीवनाची दुसरी बाजू युद्धनौकेवरून आलेल्या परकी अधिकाऱ्यास कितपत दिसली असेल, अशी शंका मनांत येते खरी. पण जें दिसलें त्याचा त्यांनीं जन्मभर विचार केला, हेंही खरेंच.

इ. स. १९०२ सालीं ते वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक ह्या फ्रेंच बेटाकडे नेमणुकीवर होते. त्या बेटावर पेले नांवाचा ज्वालामुखी पर्वत असून त्याच्या पायथ्याशीं सेंट पिएर हें भरभराटीचें बंदर वसलें होतें. ता. ८ मे रोजीं, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशीं, सकाळीं आठच्या सुमारास पर्वत फुटला. तापलेल्या वायूंचा व राखेचा प्रचंड लोट उतारावरून खालीं आला, आणि कांहीं मिनिटांत शहर होत्याचें नव्हतें झालें. सुमारें २८,००० माणसें प्राणांस मुकलीं. खुद्द शहरांत वांचलेलीं माणसें बोटांवर मोजण्याइतकींच होतीं. परंतु बंदरांतील जहाजांवर होरपळलेले लोक होते, व किनाऱ्यावरील आसपासच्या गांवांतून भयभीत रहिवाशांस बाहेर काढावयाचें होतें. ह्या सुटकेच्या कामांत एबेर यांनीं पुढाकार घेतला. सुमारें ७०० जीवांची सुटका त्यांच्या देखरेखीखालीं झाली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात.

त्या दिवसांनीं एबेर यांच्या आयुष्याला वळण दिलें. दंडांत बळ आहे पण छातींत धैर्य नाहीं, असा मनुष्य संकटांत काय कामाचा? आणि मनांत दया आहे पण बुडत्यास वर ओढण्याचें सामर्थ्य नाहीं, तर त्या दयेनें बुडणाऱ्याचें काय होणार? मनुष्यानें बलवान व्हावें तें दुसऱ्याच्या उपयोगीं पडतां यावें म्हणून, असें त्यांनीं ठरविलें, व तेंच पुढें त्यांच्या पद्धतीचें ब्रीद झालें.

मायदेशीं परतल्यावर लोरियां येथील नौसैनिकांच्या शाळेंत व्यायामाचें काम त्यांच्याकडे आलें. त्या काळीं युरोपांत स्वीडिश पद्धतीच्या कवायतीचा बोलबाला होता. रांगेंत उभें राहावें, हुकुमाबरोबर हात वर करावा, पुन्हां खालीं आणावा. (आमच्या विद्यार्थ्यांस ह्याचें अधिक वर्णन नको!) एबेर यांस हा प्रकार कृत्रिम वाटला. जिवंत मनुष्याला जीं कामें निसर्गतः करावीं लागतात, तींच व्यायाम म्हणून कां करूं नयेत, असा त्यांचा सवाल होता. अशा कामांचे त्यांनीं दहा वर्ग पाडले : चालणें, धांवणें, उडी मारणें, हातापायांवर चालणें, चढणें, तोल सांभाळणें, उचलणें, फेंकणें, स्वसंरक्षण व पोहणें. नाविकांची प्रगति नुसती डोळ्यांनीं न पाहतां ती मोजावी म्हणून त्यांनीं बारा कसोट्या ठरविल्या. त्यांत शंभर मीटर धांवण्यापासून ४० किलो वजन उचलण्यापर्यंत व पाण्याखालीं बुडी मारून राहण्यापर्यंत सारें कांहीं होतें. ह्या कसोट्यांचें पुस्तक १९११ सालीं प्रसिद्ध झालें.

त्यांच्या तालमीची उत्तम जागा म्हणजे मोकळें रान. उघड्या अंगानें, उन्हावाऱ्यांत, एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणीं जावयाचें. वाटेंत जें आडवें येईल तें ओलांडावयाचें. ओढा आला तर उडी, कुंपण आलें तर चढून पलीकडे, पडलेलें खोड असेल तर त्यावरून तोल सांभाळीत, झुडपांची जाळी असेल तर तिच्याखालून रांगत. वाटेंतला दगड उचलून खांद्यावर घ्यावा, थोडें अंतर न्यावा व ठेवावा. जड कामानंतर हलकें काम, म्हणजे दम परत येतो. प्रत्येकानें आपापल्या ताकदीप्रमाणें चालावें. चपळानें मंदासाठीं अडून बसूं नये व मंदानें चपळामागें फरफटूं नये. अशी तालीम वीस मिनिटांपासून तासभरापर्यंत चाले.

रानांत जें शिकावयास मिळतें तें व्यायामशाळेंत मिळत नाहीं, ह्याचें कारण थोडें विचार केल्यास कळेल. व्यायामशाळेंतील दांडी नेहमीं सारख्याच जाडीची, सारख्याच उंचीची. झाडाची फांदी मात्र एक जाड, एक बारीक, एक ओली, एक आंतून किडलेली. ती हातानें दाबून पाहिल्याशिवाय तिच्यावर भार टाकतां येत नाहीं. शेवाळलेल्या मुळावर पाय घसरतो. पाल्याखालीं खड्डा आहे कीं दगड, हें आधीं पाहावें लागतें. उडी घेतांना चवड्यांवर, गुडघे वांकवून, आवाज न करतां उतरावें लागतें. त्यामुळें घोट्यांस, बोटांस व डोळ्यांस एकाच वेळीं शिक्षण मिळतें, आणि मुख्य म्हणजे आपली शक्ति कोठें संपते तें मनुष्यास कळतें. हें न कळलेला मुलगाच झाडावरून पडतो.

अशा मार्गक्रमणास फ्रेंच भाषेंत पार्कूर म्हणतात. फ्रेंच लष्करानें सैनिकांसाठीं अडथळ्यांचे जे मार्ग बांधले, ते एबेर यांच्याच कल्पनेवर. पुढें १९३९ सालीं व्हिएतनाममध्यें जन्मलेला रेमों बेल हा मुलगा डालाट येथील लष्करी शाळेंत वाढला. रात्रीं सारे निजले असतां तो एकटाच रानांत जाऊन धांवत, उड्या मारीत, झाडें चढत असे, असें त्यानें मोठेपणीं आपल्या मुलास सांगितलें. फ्रान्समध्यें आल्यावर तो पॅरिसच्या अग्निशामक दलांत दाखल झाला. त्याचा मुलगा दाव्हिद, जन्म १९७३, व त्याचे सोबती ह्यांनीं पॅरिसजवळच्या लिस गांवीं भिंती, जिने व आसपासचें रान ह्यांत हीच विद्या वाढविली. जगभरचे तरुण आज जिला पार्कूर म्हणून ओळखतात, ती हीच. कित्येकांस तींत नुसती छपरांवरची कसरत दिसते. तिचें मूळ मात्र एबेर यांच्या रानवाटेवर आहे.

आतां मूळ चरित्राकडे वळूं. १९१३ सालीं पॅरिस येथें भरलेल्या व्यायामविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेंत एबेर यांच्या शिष्यांनीं आपलीं कामें दाखविलीं व सर्वत्र वाहवा झाली. त्याच वर्षीं मार्की द पोलिन्याक ह्यांच्या साहाय्यानें रॅंस शहरीं एका विस्तीर्ण उद्यानांत त्यांचें व्यायाम महाविद्यालय उघडलें. पण एका वर्षांत पहिलें महायुद्ध पेटलें. जर्मन तोफांनीं रॅंस शहराबरोबर तें महाविद्यालयही उद्ध्वस्त केलें, आणि खुद्द एबेर बेल्जममधील डिक्समूडच्या लढाईंत जखमी झाले. जन्माचें काम असें एका झटक्यांत मातीस मिळालेलें पाहून दुसरा एखादा खचला असता.

युद्धानंतर त्यांनीं दोव्हिल येथें स्त्रिया व मुलें ह्यांच्यासाठीं व्यायामाची संस्था काढली. त्या काळच्या युरोपीय स्त्रिया कमरेस ताणून बांधलेला घट्ट काचोळा घालीत. त्यावर एबेर यांनीं सडेतोड टीका केली, व मुलींनींही धांवावें, चढावें, पोहावें असें १९१९ सालच्या ग्रंथांत प्रतिपादिलें. आपल्या मुलींस अंगणाबाहेर धांवूं न देणाऱ्या पालकांनीं ह्या गोष्टीची जरूर दखल घ्यावी. १९२५ सालीं त्यांनीं सामने, विक्रम व पैसा ह्यांच्या नादीं लागलेल्या खेळांवर एक सबंध पुस्तकच लिहिलें. क्रिकेटवेड्या शिक्षकास त्यांतली टीका कठोर वाटते. तरी अकरा जण खेळणार व अकराशें बसून पाहणार, ह्याला व्यायाम म्हणावें काय, ह्या प्रश्नाचें उत्तर देणें मला जमत नाहीं.

एक गोष्ट लपविणें योग्य नव्हे. १९४० सालीं फ्रान्सचा पराभव झाल्यावर व्हिशी येथें जें सरकार आलें, त्यानें तरुणांच्या शिस्तीसाठीं एबेर यांचीच पद्धति उचलली. दुसऱ्याच्या साहाय्यासाठीं कमावलेलें बळ जुलमी राजवटीच्या चाकरीसही लावतां येतें, हें त्यावरून दिसलें, आणि त्या राजवटीची छाया पुढें पद्धतीच्या नांवावर राहिली. तरी ती नाहींशी झाली नाहीं. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत मुलांसाठीं जंगलांत बांधलेल्या अडथळ्यांच्या वाटा आजही एबेर यांच्याच नांवानें ओळखल्या जातात.

१९५५ सालीं फ्रेंच सरकारनें त्यांस लेजिओं दॉनरमध्यें कमांडरचा मान दिला. त्याच वर्षीं त्यांस पक्षाघात झाला, आणि ज्यानें हजारोंना उड्या मारावयास शिकविलें तो मनुष्य ऐंशीव्या वर्षीं अंथरुणाला खिळला. बोलणेंही गेलें. परंतु त्यांनीं आपल्याच दहा वर्गांतील पहिल्या वर्गापासून पुन्हां आरंभ केला. प्रथम चालावयास, मग बोलावयास व लिहावयास ते नव्यानें शिकले, व घरच्यांनीं तें आश्चर्यानें पाहिलें. ता. २ ऑगस्ट १९५७ रोजीं नॉर्मंडींतील तूर्जेव्हिल ह्या गांवीं त्यांचें देहावसान झालें.