अ‍ॅलन ट्युरिंग: किल्ली कशी फुटते हे दाखवणारा माणूस

सर्व्हरवर लॉगिन करायला पासवर्ड वापरायचा की किल्ली, असं मला कोणी विचारलं, की मी अ‍ॅलन ट्युरिंग यांची गोष्ट सांगतो. कम्प्युटर सायन्समुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेलच.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. वडील मद्रास प्रांतात सरकारी अधिकारी. त्यामुळे आईवडील बरेचदा भारतात आणि मुलं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, असं बालपण गेलं. केंब्रिजला ते गणित शिकले. १९३६ साली त्यांनी एका यंत्राची कल्पना मांडली: सूचना बदलल्या, की तेच यंत्र वेगळं काम करेल. तुमचा फोन नेमकं हेच करतो.

१९३९ मध्ये ब्रिटन युद्धात उतरलं आणि दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कला रुजू झाले. समोर होतं जर्मन सैन्याचं एनिग्मा यंत्र. त्याची रचना पोलंडच्या गणितज्ञांनी आधीच शोधून ब्रिटिशांना दिली होती. गुप्त होती ती रोज बदलणारी सेटिंग, म्हणजेच किल्ली. शक्य सेटिंग्ज किती? १ वर २० शून्यं, त्याहूनही जास्त!

तरीही एनिग्मा फुटलं. यंत्रात एक खोट होती: कोणतंही अक्षर बदलून पुन्हा तेच अक्षर येत नसे. आणि माणसांच्या सवयी होत्याच. हवामानाचे संदेश ठरावीक शब्दांत जायचे. काही ऑपरेटर तर कीबोर्डवरची शेजारची अक्षरं किंवा मैत्रिणीच्या नावातली अक्षरं निवडायचे. संदेशातला एखादा शब्द ओळखून, अशक्य सेटिंग्ज झटपट बाद करणारं ‘बॉम्ब’ नावाचं यंत्र ट्युरिंग यांनी आखलं. अटलांटिकमधून ब्रिटनला अन्न आणि इंधन नेणारी जहाजं पाणबुड्यांपासून वाचवायला या कामाची मोठी मदत झाली.

आजचे बॉटसुद्धा असंच करतात. ते सगळे पासवर्ड तपासत बसत नाहीत. आधी नाव, जन्मसाल, १२३४५६ असे माणसांना सुचणारे पासवर्ड टाकून बघतात.

युद्धानंतर, १९४७ च्या एका भाषणात ट्युरिंग यांनी सांगितलं, की टेलिफोनच्या तारेवरून दूरचा कम्प्युटर चालवता येईल. रिमोट लॉगिनचीच ही कल्पना! पण तारेवर कोणी कान लावून बसलं तर? १९९५ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. त्यात सगळं संभाषण कुलूपबंद होऊन जातं.

एसएसएचमध्ये पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. ती तुम्ही सुचवत नाही, कम्प्युटर यादृच्छिक आकड्यांतून बनवतो. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची. खासगी किल्ली तुमच्याच फोनवर राहते. लॉगिनच्या वेळी फोन खासगी किल्लीने डिजिटल सही करतो आणि सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीने तपासतो. खासगी किल्ली फोनबाहेर जातच नाही.

ट्युरिंग यांचा शेवट मात्र मन खिन्न करतो. इंग्लंडमध्ये तेव्हा पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा होते. १९५२ मध्ये ते दोषी ठरले, तुरुंग टाळायला हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागली आणि सरकारी गुप्त कामाची दारं त्यांना बंद झाली. ज्यांनी देशासाठी शत्रूची कुलुपं उघडली, त्यांच्यावरच देशाचा विश्वास उरला नाही. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्यांचा मृत्यू झाला. वय फक्त ४१. माफी मिळाली ती २०१३ मध्ये.

मी त्यांच्या कामातून घेतलेला धडा साधा आहे: कुलूप कितीही भारी असो, किल्ली माणसाच्या सवयीतून आली तर ती ओळखता येते. म्हणून किल्लीची जोडी बनवा, खासगी किल्लीला एक लांबलचक पासफ्रेज लावा आणि ती कोणालाही पाठवू नका. किल्लीने लॉगिन होतंय हे दुसऱ्या विंडोत तपासा आणि मगच सर्व्हरवरचं पासवर्ड लॉगिन बंद करा.