कर्नल सायक्स आणि दख्खनची पाखरे

तळ्याच्या काठी, भाताच्या खाचरात किंवा ओढ्याच्या चिखलात मान आखडून उभा राहिलेला मातकट रंगाचा लहान बगळा आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाने पाहिला असेल. त्यास कोठे ढोकरी म्हणतात, कोठे वंचक म्हणतात. बसला असता तो चिखलाशी इतका एकरूप होतो की, आपण अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आणि उडाला म्हणजे एकाएकी त्याचे पांढरेशुभ्र पंख उघडतात. असा हा पायाखालचा पक्षी. पण सृष्टिशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे रीतसर वर्णन इ. स. १८३२ पर्यंत झालेले नव्हते. ते ज्यांनी केले ते कोणी विद्यालयातील पंडित नव्हते. ते कंपनी सरकारच्या फौजेतील एक अंमलदार होते, आणि त्यांचे नाव विल्यम हेन्री सायक्स.

सायक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे १८०४ साली, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील फौजेत दाखल झाले. ज्या वयात आपल्याकडील मुले शाळेत असतात, त्या वयात त्यांनी भरतपूरच्या किल्ल्यास लॉर्ड लेक यांनी घातलेला वेढा पाहिला. पुढे त्यांनी मराठी व हिंदुस्थानी या भाषांचा नीट अभ्यास केला. लोकांशी दुभाष्यावाचून बोलता यावे, ही त्यांच्या पुढील सर्व कार्याची खरी पूर्वतयारी होती, असे म्हटले तरी चालेल. १८१७ साली पेशव्यांशी युद्ध जुंपले, तेव्हा खडकीच्या व पुण्याच्या लढाईत देशी शिपायांच्या तुकडीवर ते अंमलदार होते. डोंगरी किल्ले सर करण्याच्या कामीही ते हजर होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खनचा मुलूख कंपनीच्या हाती गेला.

येथवरचे चरित्र त्या काळच्या शेकडो गोऱ्या अंमलदारांच्या चरित्रासारखेच आहे. सायक्स यांचे वेगळेपण यापुढे दिसून येते. १८२० साली ते युरोपास गेले आणि सुमारे चार वर्षे तेथे त्यांनी प्रवास केला. १८२४ साली परत आल्यावर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांस एका नव्या जागेवर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांची सर्व प्रकारची माहिती गोळा करून सरकारास कळवावी, असे ते काम होते. माणसे किती, गावे किती, जमीन कोणत्या वतनाची, पिके कोणती, पाऊस किती, हे सर्व त्यात आले. ही माहिती सरकारास कशाकरिता हवी होती, हे लपविण्याचे कारण नाही. जिंकलेल्या मुलखावर राज्य करावयाचे, तर तेथील माणसे व तेथील उत्पन्न मोजले पाहिजे, हा त्यातील मुख्य हेतू होता. परंतु सायक्स केवळ तेवढ्यावर थांबले नाहीत.

ते गावोगाव फिरू लागले. खानेसुमारी करीत असताना ज्या शेतातून वाट जाई त्या शेतातील पाखरेही ते टिपून ठेवीत. उकळत्या पाण्याची उष्णता मापून डोंगराची उंची काढीत. वायुभारमापक यंत्रातील पारा दररोज ठराविक वेळी दोनदा चढतो व दोनदा उतरतो, हे त्यांनी येथे वर्षानुवर्षे पाहून लिहून ठेविले. पक्षी हाती आला म्हणजे त्याच्या डोळ्याचा रंग कोणता, त्याच्या पोटात काय निघाले, टोळ की किडे की दाणे, येथपर्यंत ते नोंद करीत. त्या काळी दुर्बिणीने पाखरू ओळखून सोडून देण्याची चाल नव्हती. बंदुकीने मारून, कातडे भरून, मगच त्याचा अभ्यास होई. ही रीत आज आपल्या मनास रुचणार नाही. तथापि एकदा जीव घेतल्यावर त्यापासून जेवढे शिकता येईल तेवढे शिकावयाचे, याविषयी ते फार काटेकोर होते.

१८२९ सालच्या डिसेंबरात सरकारने ती जागाच मोडली. आता सायक्स यांनी पलटणीत परत जावयाचे होते. काम अर्धवट राहिले तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी रजा मागून घेतली आणि जानेवारी १८३१ पर्यंत खपून ते काम शेवटास नेले. मग ते स्वदेशी गेले. १८३२ साली लंडन येथील प्राणिशास्त्र मंडळीने त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून प्रसिद्ध केली. तीत शास्त्रास पूर्वी ठाऊक नसलेल्या म्हणून ५० हून अधिक जाती त्यांनी वर्णिल्या होत्या.

या यादीतील पाखरे कोणती? मोर नव्हे, राजहंस नव्हे. बांधावरच्या झुडपात शेपटी वर करून सारखी वटवट करणारे दोन चिमुकले वटवटे. खडकाळ माळावर थव्याने राहणारा आणि पायाशी येताच भुर्रकन उडणारा लावा. किल्ल्याच्या कड्याकपारीत मातीचे घरटे लावणारी काळसर पाकोळी. आणि आरंभी सांगितलेली ढोकरी. माळरानावर उडत उडत गाणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलास त्यांनी देव हे नाव दिले, आणि थंडीत येणाऱ्या एका लहान पाखरास राम हे नाव दिले. इंग्रजीत ही दोन्ही पाखरे आज सायक्स यांच्याच नावाने ओळखली जातात. संध्याकाळी वाटेवर बसणाऱ्या रातव्याच्या एका जातीस त्यांनी मराठ्यांच्या देशावरून नाव दिले. म्हणून जगातील कोणत्याही देशाच्या पक्षिशास्त्राच्या ग्रंथात त्या पाखराचे लॅटिन नाव पाहिले, तर त्यात महाराष्ट्राचा उल्लेख सापडतो. सातभाई सर्व एकच, असे आपण समजतो. सायक्स यांनी त्यांतील राखी अंगाचा, शेपटीच्या कडा पांढऱ्या असलेला मोठा सातभाई निराळा काढून त्यास सर जॉन माल्कम या गव्हर्नरांचे नाव दिले. गव्हर्नर साहेबांचा अंमल तीन वर्षांतच संपला. पण कलकलाट करणाऱ्या त्या पाखराकडे त्यांचे नाव अद्याप आहे!

पाखरांप्रमाणे नद्यांतील माशांचाही त्यांनी अभ्यास केला, आणि १८३९ साली ते वर्णन प्रसिद्ध झाले. येथे त्यांनी केलेली एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नवीन माशांस नावे देताना त्यांनी पुष्कळ ठिकाणी येथील मासे धरणाऱ्या लोकांच्या तोंडचीच नावे घेतली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या माशाचे नाव त्यांनी खुद्री असे लिहिले. दुसऱ्या एकाचे कोलस असे लिहिले. आज शास्त्रज्ञ त्या पहिल्या माशास टॉर खुद्री म्हणतात. ज्या कोळ्याने ते नाव सायक्स यांस सांगितले, त्याचे स्वतःचे नाव मात्र ग्रंथात नाही. साहेबाचे नाव राहिले, माशाचे नाव राहिले. सांगणारा विसरला गेला. हे वाचून वाईट वाटते. तरीपण त्याचा शब्द जगाच्या शास्त्रात कायम झाला, याचे कारण एवढेच की, ऐकणाऱ्याने तो शब्द गावंढळ म्हणून टाकून दिला नाही.

सायक्स यांचे पुढील आयुष्य मानाचे गेले. १८३३ साली ते कर्नल होऊन फौजेतून निवृत्त झाले. १८३४ साली त्यांस लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. त्याच वर्षी लंडनात आकडेशास्त्राची जी मंडळी निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते, आणि १८६३ साली तिचे अध्यक्ष झाले. १८४० पासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांत होते आणि १८५६ साली त्यांच्यामध्ये मुख्य झाले. १८५७ सालापासून ॲबर्डीन शहराच्या वतीने ते पार्लमेंटात बसत. चीन देशात तायपिंगांचे मोठे बंड चालू होते, तेव्हा इंग्लंडाने त्यात हात घालू नये, असे ते तेथे निर्भयपणे सांगत. अखेरपर्यंत ते पार्लमेंटाचे सभासद होते. १६ जून १८७२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

हे पद, तो मान, ती भाषणे आज कोणास आठवत नाहीत. ज्या कंपनीचे ते मुख्य होते तीही राहिली नाही. टिकले ते एवढेच, की तंबूत बसून त्यांनी एका पाखराच्या डोळ्याचा रंग खरा लिहिला. ज्याची कोणी गणना करीत नाही, त्याचीही गणना करावी आणि जे पाहिले तेवढेच लिहावे, हा त्यांचा नेम होता.

वाचकहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? ज्या मुळा-मुठेत खुद्री मासा मिळाला, तिचे पुण्याखालील पाणी आज शहराच्या सांडपाण्याने नासले आहे. ज्या माळांवर तुरेवाला चंडोल गातो, ते माळ पडीक म्हणून नांगराखाली व इमारतींखाली जात आहेत. जे मोजले नाही ते नाहीसे झाले तरी कोणास कळत नाही. आपल्या गावच्या ओढ्यात कोणते मासे होते, माळावर कोणती पाखरे येतात आणि त्यांस आपले वडीलधारे काय म्हणत, हे जाणणारी म्हातारी माणसे अजून घरोघर आहेत. गावोगावच्या शिक्षकांनी व उपदेशकांनी साध्या वहीत ही नावे लिहून घ्यावीत. मात्र साहेबांच्या यादीत जे राहून गेले, ते आपल्या वहीत राहू नये. प्रत्येक नावापुढे ते सांगणाऱ्या माणसाचेही नाव लिहावे.