खलीफा हजरत उमर (र.) आणि वाटणीतील न्याय

प्रिय वाचक, शासनाच्या तिजोरीतून लोकांना मदत वाटायची झाली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. ही मदत दर घरामागे द्यावी की घरातील माणसे मोजून? एका घरात एकटाच धडधाकट तरुण राहतो. शेजारच्या घरात विधवा आई, तिची चार मुले आणि अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. दोन्ही दारांत सारखीच रक्कम ठेवली, तर कागदावर समता दिसेल. परंतु तिला न्याय म्हणता येईल काय? या प्रश्नाशी आयुष्याची दहा वर्षे झुंजलेल्या एका शासकाचे चरित्र आज आपण पाहू या.

हजरत उमर बिन खत्ताब (र.) यांचा जन्म मक्केतील कुरैश कबिल्याच्या बनू अदी या शाखेत झाला. तरुणपणी ते इस्लामचे कडवे विरोधक होते. पुढे त्यांनी सत्याचा स्वीकार केला आणि मदीनेत ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या निकटच्या सल्लागारांपैकी एक झाले. हिजरी सन १३ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३४ मध्ये, हजरत अबू बकर (र.) यांच्यानंतर खिलाफतीची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर आली. त्यांच्या कारकिर्दीत इराक, शाम, इराण आणि मिसर हे प्रदेश इस्लामी राज्यात आले आणि बैतुलमाल, म्हणजे सार्वजनिक कोषागार, पूर्वी कधीही नव्हता इतका भरू लागला. संपत्ती आली आणि तिच्यासोबत वाटणीचा प्रश्नही आला.

वाचकहो, त्यांच्यासमोर दोन आदर्श होते. युद्धाविना हाती आलेली संपत्ती प्रेषित (स.) ती येईल त्याच दिवशी वाटून टाकीत. कुटुंबवत्सल माणसाला ते दोन वाटे देत आणि अविवाहिताला एक. घरात खाणारी तोंडे अधिक असतील तर वाटाही अधिक, हे तत्त्व तेथेच घालून दिले गेले होते. हजरत अबू बकर (र.) यांनी सर्वांना समान वाटणी केली. आधी इस्लाम स्वीकारणाऱ्यांना त्याचा मोबदला अल्लाहकडे मिळेल, ही रक्कम तर पोटापाण्याची आहे आणि पोटापाण्याच्या बाबतीत समानताच बरी, अशी त्यांची धारणा होती.

हजरत उमर (र.) यांचे मत वेगळे पडले. प्रेषितांच्या खांद्याला खांदा लावून लढलेले आणि एके काळी प्रेषितांविरुद्ध लढलेले, या दोघांना एकाच तागडीत तोलणे त्यांना पटले नाही. सहकाऱ्यांशी सल्लामसलत करून त्यांनी ‘दीवान’, म्हणजे लाभार्थींची नोंदवही, सुरू केली. अकील बिन अबी तालिब, मखरमा बिन नौफल आणि जुबैर बिन मुतइम या वंशावळीच्या तीन जाणकारांवर नावे लिहिण्याचे काम सोपविले गेले. यादीची सुरुवात खलीफांच्या घराण्यापासून व्हावी अशी सूचना पुढे आली. ती त्यांनी नाकारली, प्रेषितांच्या आप्तांपासून आरंभ करण्यास सांगितले आणि बनू अदी शाखेला तिच्या क्रमानुसार जेथे जागा येईल तेथेच ठेवले. बद्रच्या लढाईतील सहभागींना वर्षाला ५,००० दिरहम ठरले. नंतर आलेल्यांना उतरत्या क्रमाने कमी. स्वतःचा पुत्र अब्दुल्लाह यांच्यापेक्षा त्यांनी उसामा बिन जैद यांना अधिक दिले, कारण उसामा आणि त्यांचे वडील प्रेषितांना अधिक प्रिय होते.

मात्र धान्याची वाटणी करताना त्यांनी असा कोणताही दर्जा पाहिला नाही. एका माणसाला महिन्याला किती धान्य लागते, हे त्यांनी अंदाजाने ठरविले नाही. जरीब हे त्या काळचे धान्याचे माप होते. त्यांनी एक जरीब पीठ मळून त्याच्या भाकरी करविल्या आणि तीस माणसांना दुपारी पोटभर जेवू घातले. रात्रीही तसेच केले. तीस माणसांचे दोन वेळचे जेवण म्हणजे एका माणसाचे महिन्याचे जेवण, असा हिशेब मांडून त्यांनी दरडोई दोन जरीब धान्य ठरविले. पुरुष असो, स्त्री असो की गुलाम, प्रत्येकाला तेवढेच. जेवढी माणसे, तेवढे वाटे.

आता, वाचकहो, ज्या प्रसंगाने या शासकाची खरी ओळख पटते, तो पाहा. मुलांसाठी त्यांनी वर्षाला १०० दिरहम ठरविले होते, पण मूल दूध तोडल्यानंतरच त्याचे नाव नोंदवहीत चढे. नियम वरवर निर्दोष होता. अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळे अन्न लागत नाही. एके रात्री मदीनेबाहेर व्यापाऱ्यांचा एक काफिला उतरला होता. हजरत उमर (र.) आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) त्याच्या राखणीला गेले. एक बाळ सारखे रडत होते. खलीफांनी आईला दोनतीनदा समजावले, तरी रडणे थांबेना. अखेर तिने, समोर कोण उभे आहे हे न ओळखता, कारण सांगितले : दूध तोडल्याशिवाय उमर मदत देत नाहीत, म्हणून ती बाळाचे दूध वेळेआधीच तोडत होती.

त्या दिवशी फज्रच्या नमाजमध्ये त्यांना इतके रडू येत होते की मागे उभ्या असलेल्यांना त्यांचे पठण समजेना. आपल्या नियमाने किती बालकांचा घात केला असेल, या विचाराने ते हादरले होते. नमाज संपताच त्यांनी दवंडी पिटविली की मुलांचे दूध तोडण्याची घाई कोणी करू नये. यापुढे जन्माला येताच प्रत्येक मुलाची नोंद होईल. हाच आदेश सर्व प्रांतांना पाठविण्यात आला. ज्याला आई-बाप नाहीत अशा सापडलेल्या बालकालाही १०० दिरहम आणि त्याच्या दूधपाण्याचा खर्च बैतुलमालमधून मिळू लागला. दारोदार भीक मागणाऱ्या एका वृद्ध, अंध यहुदी माणसाचा जिझिया त्यांनी माफ केला आणि त्याला व त्याच्यासारख्यांना कोषागारातून मदत लावून दिली.

हिजरी सन १८ मध्ये हिजाजवर भीषण दुष्काळ कोसळला. इतिहासात ते वर्ष ‘रमादा’ म्हणून ओळखले जाते. मदीनेत सामुदायिक भोजन सुरू झाले. जेवायला येऊ शकतात त्यांचीच मोजदाद पुरेशी नाही, हे खलीफांनी ओळखले. घरी राहिलेले आजारी, स्त्रिया आणि मुले यांचीही गणना करविली. इब्ने सअद यांच्या नोंदीनुसार येऊन जेवणारे सुमारे ७,००० होते, तर न येऊ शकणारे सुमारे ४०,०००! केवळ रांगेत उभे राहणाऱ्यांनाच वाढले असते, तर सर्वाधिक दुर्बल तेच उपाशी राहिले असते. त्या काळात त्यांनी स्वतः तूप वर्ज्य केले. दुष्काळ लांबलाच असता, तर प्रत्येक घरात तेथील माणसांइतकीच गरजू माणसे जोडून देण्याची त्यांची तयारी होती. अर्ध्या पोटी माणूस मरत नाही, असा त्यांचा विचार होता.

अखेरच्या काळात त्यांना दर्जानुसार रोख वाटणीचाही पुनर्विचार करावासा वाटू लागला. आणखी आयुष्य लाभले तर शेवटच्या माणसाला पहिल्याच्या बरोबरीला आणण्याचा मनोदय त्यांनी बोलून दाखविला. इराकच्या विधवांना कोणापुढेही हात पसरावा लागू नये, अशी व्यवस्था करण्याचाही त्यांचा निश्चय होता. त्यानंतर चारच दिवसांत, हिजरी सन २३ च्या जिलहिज्जा महिन्यात, फज्रच्या नमाजमध्ये त्यांच्यावर खंजिराचे वार झाले आणि तो संकल्प अपुरा राहिला.

प्रिय वाचक, वाटणीचा अधिकार केवळ खलीफांकडेच असतो असे नाही. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यात जकातीच्या रकमेतून धान्याच्या पिशव्या वाटल्या जातात, तेव्हा दर घरी एक पिशवी हा नियम सोयीचा वाटतो. पण त्या घरात माणसे किती, हे आपण विचारतो काय? मशिदीपर्यंत येऊ न शकणाऱ्या विधवेचे नाव यादीत असते काय? आपण घातलेल्या एखाद्या अटीमुळे कोणा आईवर भलताच निर्णय घेण्याची पाळी तर येत नाही ना? हे कळण्यासाठी दारापर्यंत जावे लागते आणि चूक दिसली की नियम बदलावा लागतो. अल्लाह आपल्याला तशी दृष्टी आणि तसे धैर्य देवो. आमीन.