डुप्लिकेटवाल्यांना कंटाळून लुई व्हिटॉनने ३ वेळा डिझाईन बदललं, तरी कॉपी काही थांबली नाही

मुंबई लोकलच्या लेडीज डब्यात नजर फिरवली, तर एक पर्स हमखास दिसते. तपकिरी रंग, त्यावर पिवळसर सोनेरी नक्षी, एकमेकांत गुंतलेली एल आणि व्ही ही अक्षरं आणि मधे मधे चार पाकळ्यांची फुलं. खरी असेल तर तिची किंमत लाखाच्या पुढे जाते. रस्त्यावरच्या स्टॉलवर मात्र ती फर्स्ट कॉपी म्हणून काही शे रुपयांत मिळते.

आता गंमत बघा. ही अक्षरं ज्याच्या नावाची आहेत, त्या लुई व्हिटॉनने ही नक्षी आयुष्यात कधी पाहिलीच नाही. ती बनली त्याच्या मृत्यूनंतर ४ वर्षांनी, आणि बनवण्यामागचं एक मोठं कारण होतं नकली माल.

तर गोष्ट सुरू होते १८२१ सालात. फ्रान्सच्या पूर्वेला जुरा नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या आँशे या छोट्याशा गावात ४ ऑगस्टला लुईचा जन्म झाला. बाप शेतकरी, आई बायकांच्या टोप्या बनवणारी. लुई १० वर्षांचा असताना आई गेली. बापाने दुसरं लग्न केलं, पण सावत्र आईशी पोराचं जमलं नाही. १३ व्या वर्षी त्याने घर सोडलं आणि पॅरिसचा रस्ता धरला. अंतर साधारण ४७० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते लातूर, आणि तेही पायी. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल तिथे झोपायचं. पॅरिसला पोचायला त्याला २ वर्षं लागली.

तो पोचला त्याच साली, म्हणजे १८३७ मध्ये, पॅरिसमधून प्रवाशांची पहिली रेल्वे सुटली. ही गोष्ट पुढे त्याच्या चांगलीच कामाला येणार होती.

पॅरिसमध्ये तो रोमां मारेशाल नावाच्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. आज कुणी असं काम करत असेल असं वाटत नाही, पण तेव्हा त्याला मोठी किंमत होती. श्रीमंतांच्या घरी जायचं, सामानाच्या मापाच्या पेट्या बनवायच्या आणि त्यात ते सामान स्वतःच्या हाताने भरून द्यायचं. बायकांचे घेरदार झगे तेव्हा इतके मोठे असायचे, की ते न चुरगळता पेटीत बसवणं हीच एक कला होती. लुईचा हात या कामात बसला. इतका, की सम्राट तिसऱ्या नेपोलियनची बायको, महाराणी युजेनी, आपलं सामान बांधायला त्यालाच बोलावू लागली. राणीचा माणूस म्हटल्यावर बाकीची गिऱ्हाइकं आपोआप आली. १७ वर्षं मारेशालकडे काढल्यावर १८५४ साली त्याने स्वतःचं दुकान टाकलं. त्याच वर्षी लग्नही केलं.

तेव्हाच्या ट्रंका कशा असायच्या, तर चामड्याच्या आणि वरून गोल. घोडागाडीच्या टपावर ठेवल्यावर पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून झाकण फुगीर. पण आता रेल्वे आली होती, बोटींचे प्रवास वाढले होते. गोल झाकणाच्या ट्रंकेवर दुसरी ट्रंक ठेवता येत नाही. शिवाय चामड्याला वास येतो आणि ओल लागली की ते सडतं.

लुईने १८५८ मध्ये झाकण सपाट केलं. आतमध्ये हलक्या पॉप्लर लाकडाचा सांगाडा, बाहेरून पाणी न शिरणारं करड्या रंगाचं कॅनव्हास. पेटी हलकी झाली आणि एकावर एक रचता येऊ लागली. सुटकेस नावाचा जो चौकोनी प्रकार आपण पलंगाखाली सरकवतो, त्याची वाट इथून निघाली असं म्हणायला हरकत नाही. माल एवढा खपला, की वर्षभरात त्याने पॅरिसबाहेर सीन नदीकाठी, आनियेर इथे कारखाना काढला. सुरुवातीला २० कामगार होते.

आणि इथूनच डोकेदुखी सुरू झाली.

सपाट झाकण आणि करडं कापड या दोन्ही गोष्टी नुसत्या बघून कळण्यासारख्या. स्टेशनवर एखादी ट्रंक पाहिली की दुसरा सुतार तशीच ठोकून देऊ शकत होता. लाकूड किती वाळवलंय, कोपरे कसे जोडलेत, हे गिऱ्हाइकाला दुकानात थोडीच दिसतं? ते कळतं तिसऱ्या-चौथ्या प्रवासात, पेटी उकलल्यावर. तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात. नकली मालाचं गणित तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे.

त्यात १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसला वेढा पडला. युद्ध संपल्यावर लुई आनियेरला परतला, तर कारखान्याची वाट लागलेली, हत्यारं चोरीला गेलेली, कामगार पांगलेले. पन्नाशीच्या माणसाने पुन्हा सुरुवात केली आणि १८७१ मध्ये ऑपेराजवळ, रू स्क्रीबवर नवं दुकान मांडलं.

१८७२ साली त्याने करडं कापड सोडलं आणि लाल-फिक्या पट्ट्यांचं कॅनव्हास आणलं. १८७६ मध्ये तेही बदलून तपकिरी आणि बेज पट्टे आणले. पण पट्टे विणायला काय लागतं? जो माल खपतोय तो स्वतःच मोडीत काढायचा, गिऱ्हाइकाला नव्याची सवय लावायची, आणि ती लागेपर्यंत नक्कल बाजारात हजर. प्रत्येक वेळी खर्च कुणाचा, तर खऱ्या कारागिराचा.

फ्रान्समध्ये १८५७ सालीच ट्रेडमार्कचा कायदा आला होता. व्यापाऱ्याने आपली खूण नोंदवायची आणि ती दुसऱ्याने वापरली तर कोर्टात जायचं, अशी सोय होती. १८८८ मध्ये लुई आणि त्याचा मुलगा जॉर्ज यांनी याच कायद्याचा आधार घेतला. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींचं नवं कापड आणलं आणि काही चौकटींत चक्क लिहिलं, की एल. व्हिटॉन ही नोंदणीकृत खूण आहे. आता कॉपी करणाऱ्याला एकतर नाव गाळावं लागणार किंवा गुन्हा करावा लागणार.

त्याआधी १८८६ मध्ये बापलेकांनी कुलपावरही काम केलं होतं. गिऱ्हाइकाला स्वतःचा नंबर असलेली किल्ली मिळायची आणि एकाच किल्लीने त्याच्या सगळ्या ट्रंका उघडायच्या. पुढे जॉर्जने जादूगार हुदिनीला आमच्या पेटीतून सुटून दाखव असं जाहीर आव्हान दिलं होतं, पण तो काही आला नाही, असं कंपनी आजही सांगते.

२७ फेब्रुवारी १८९२ ला आनियेरमध्ये लुई वारला. चौकटींच्या कापडाचीही नक्कल झालीच. शेवटी १८९६ साली जॉर्जने बापाच्या नावाची अक्षरं फुलांमध्ये गुंफून मोनोग्राम बनवला. एवढी गुंतागुंतीची नक्षी कोण विणत बसणार, हा हिशोब असावा.

काही काळ तो बरोबरही होता. जगभरातले राजेरजवाडे गिऱ्हाईक झाले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासाठीही कंपनीने १९२६ मध्ये चहाचा सरंजाम मावणारी खास पेटी बनवली होती. पण १९५९ मध्ये मोनोग्राम मऊ, प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कॅनव्हासवर आला. ट्रंकेची जागा हँडबॅगांनी घेतली. अनेकांना ही बॅग पूर्ण चामड्याची वाटते, पण नक्षीचा भाग असतो तो हाच लेप दिलेला कपडा. छापखाना ज्याच्याकडे आहे त्याला ती नक्षी छापायला किती वेळ लागणार? जी खूण नक्कल थांबवायला काढली, नकली मालवाल्यांना नेमकी तीच हवी होती.

लुईचे वारस अजून कोर्टाच्या पायऱ्या चढतायत. २००८ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने नकली माल विकू दिल्याबद्दल ईबेला जवळपास ४ कोटी युरोंचा दणका दिला, पण २०१० मध्ये अपिलात ती रक्कम ६० लाखांच्याही खाली आली. २०१५ मध्ये तर उलटंच झालं. युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने तपकिरी-बेज चौकटींच्या नक्षीची ट्रेडमार्क नोंदणी रद्द ठरवली. चौकटी ही अगदी साधी, सर्रास दिसणारी नक्षी आहे, एवढ्यावरून माल कुणाचा ते ओळखता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. १८८८ मध्ये लुईने चौकटींच्या आत आपलं नाव घातलं होतं. कोर्टापुढच्या नोंदणीत नुसत्या चौकटी होत्या, नाव नव्हतं.