गाठीला रक्त देतं कोण?

माझी आजी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. आजोबा दिवसभर तंबाखू मळायचे. त्यांना गालाचा कॅन्सर झाला, तेव्हा मी सातवीत होते. बेळगावच्या डॉक्टरांनी बाबांना समजावलं की गाठ स्वतःसाठी रक्त ओढून घेतेय. घरी आजी रोझरी म्हणायची आणि मी विचार करायचे, गाठीला रक्त देतं कोण?

उत्तर शोधताना मला डॉ. कमल रणदिवे सापडल्या. माझ्या जन्माआधीच, २००१ मध्ये, त्या गेल्या होत्या.

त्यांचा जन्म पुण्यात, १९१७ सालचा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटे, पण ती रमली वनस्पती आणि प्राण्यांच्या अभ्यासात. पुढं मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी शरीराबाहेर जगवायला शिकल्या आणि परत येऊन मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर काम करून संप्रेरकं, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा स्तनाच्या कॅन्सरशी काय संबंध आहे, ते त्यांनी तपासलं.

काचेच्या बशीतल्या पेशीला अन्न आपण देतो. अंगात तसं नसतं. गाठ एक-दोन मिलिमीटरची झाली की आतल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. मग त्या रसायनं सोडून शेजारच्या रक्तवाहिनीला निरोप धाडतात. वाहिनीच्या भिंतीतली एक पेशी पुढं सरकते, बाजूच्या पेशींना पुढं येण्यापासून रोखते, आणि त्या मागं राहून नळी बांधतात. अशी नवी फांदी गाठीपर्यंत पोचते. गाठ नव्या वाहिन्यांवर पोसते, हा विचार १९७१ मध्ये अमेरिकेतल्या जुडा फोकमन यांनी ठामपणे मांडला. तो रणदिवेबाईंचा नव्हे. पण एकट्या पेशीकडे न बघता तिच्या आजूबाजूला काय चाललंय ते बघायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

१९७३ मध्ये त्यांनी महिला वैज्ञानिकांची संघटना उभारली, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. म्हातारपणी त्या नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करत होत्या.

आजोबा त्याच पावसाळ्यात गेले. परवा मी आजीला सांगितलं, गाठीला रक्त देतात त्या आपल्याच अंगातल्या चांगल्या पेशी. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीतली तिची मिश्रीची डबी दिसली नाही. मीही विचारलं नाही.