पावसाळ्याआधीची लस आणि परळचे हाफकिन

एप्रिल-मे महिन्यात जामसंड्यातल्या माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची मुलं येतात. काही मुंबईहून सुट्टीला आलेली चाकरमान्यांची, तर काही हापूसच्या बागांत राखणीला आणि काढणीला आलेल्या मजुरांची. पावसाआधी फ्लूची लस द्यावी का, हे पहिल्या मुलांचे पालक विचारतात. दुसऱ्यांचे पालक बहुधा विचारत नाहीत. दरवर्षी पुन्हा लस कशाला, असाही प्रश्न येतो. त्याचं उत्तर देताना मला एका माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते. तुमच्या बाळाला पोलिओचे डोस पाजले असतील, तर हाफकिन हे नाव बहुधा तुमच्या कानावरून गेलं असेल.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ते प्राणिशास्त्र शिकले होते, वैद्यकीय डॉक्टर नव्हते. ही गोष्ट पुढे अनेक इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांत सलत राहिली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि 1892 साली ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखला मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. लोक घाबरून शहर सोडू लागले. त्यांत आपल्या कोकणातली गिरणी कामगार मंडळीही होती. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांच्या खाली जंतू झुंबरासारखे लोंबत वाढायचे, मग ते उष्णता देऊन मारायचे. लस तयार व्हायची ती अशी. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. महिना संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली आणि त्यांच्यात आजार खूपच कमी दिसला.

यात आजच्या पालकांच्या कामाचं बरंच आहे. मुंबईचा प्लेग थंडीत वाढायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये कळस गाठायचा आणि पावसात ओसरायचा. लसीचं संरक्षण काही महिन्यांचंच होतं. म्हणून हंगामाआधी टोचणी, आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा टोचणी. फ्लूच्या लसीचं तसंच आहे. त्यात भर म्हणजे फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, तेव्हा लस त्याआधी घेतलेली बरी.

हाफकिन मुलांना वयाप्रमाणे कमी मात्रा देत. तरी लसीनंतर ताप जोरात यायचा, एक-दोन दिवस जायचे. हातावर पोट असलेल्या घरात एवढा खाडाही परवडत नसे. तरुण आगा खान यांनी लोकांसमोर स्वतः लस घेतली, तेव्हा खोजा समाजातली हजारो माणसं पुढे आली. कोणाचा विश्वासाचा माणूस सांगतोय, यावर मुलांची लस ठरते, हे मी आजही पाहतो.

1898 मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यांनी प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. लस घेतलेल्यांत मृत्यू फार कमी झाले. एकाच छपराखाली कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, ही निवड वाचतानाही जड जाते. त्या काळी लसीचा उपयोग पटवून देण्याचा तोच मार्ग होता.

पुढे घात झाला. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. दोष हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला, त्यांना कामावरून दूर केलं. बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला होता. हे मान्य होऊन त्यांचं नाव निर्दोष ठरायला 1907 साल उजाडलं. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईतली त्यांची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. 1925 मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. 1930 साली लोझान येथे ते वारले. त्यांनी लग्न केलं नव्हतं.

लस देताना नवी सुई समोर फोडलेली तुम्ही पाहावी आणि नंतर अर्धा तास थांबावं, असा आग्रह मी धरतो तो याचसाठी. परिचारिकेला विचारायला संकोचू नका.

आता फ्लूच्या लसीबद्दल. ती सहा महिन्यांच्या पुढे देता येते. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पुढे वर्षाला एक. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही. त्याला आईने गरोदरपणी घेतलेली लस आणि घरातल्यांची लस सांभाळते. दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलांनी ती चुकवू नये. ही लस सरकारी वेळापत्रकात नाही, पैसे मोजावे लागतात, त्यामुळे बागेतल्या मजुरांची मुलं इथे मागे पडतात. ती उणीव माझ्या दवाखान्यातून भरून निघत नाही.

पण सरकारी वेळापत्रकातल्या लसी मोफत आहेत आणि त्यांना गाव आडवं येत नाही. तुमच्या बागेत बाहेरगावचं कुटुंब राहत असेल, तर जवळच्या उपकेंद्रातल्या ताईंना किंवा आशाताईंना मुलांची नावं कळवा. कार्ड गावीच राहिलं असेल तरी मुलाला घेऊन जायला सांगा.