ओळख थोरांची : पंडिता रमाबाई



मागे वर्गात 'पुण्य' हा शब्द आला तेव्हा तो समजावताना आमची तारांबळ उडाली. 'पाप' सगळ्यांना लगेच कळलं, पुण्य काही कळेना. शेवटी आम्ही सांगितलं की चांगल्या कामाबद्दल देवाच्या वहीत मार्क जमा होतात, ते पुण्य. त्यावर एका छोट्या मुलीने विचारलं, की किती मार्क झाले म्हणजे पास? आम्ही गप्प! पण हा प्रश्न शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका मराठी बाईंना फार छळत होता. म्हणून या अंकात पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीत गंगामूळ नावाच्या रानात. आज हा भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ, पण त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांचा राग ओढवला तरी माघार घेतली नाही. रमा सहा महिन्यांची असताना हे कुटुंब यात्रेला निघालं. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून मजुराने डोक्यावरून डोंगराखाली आणलं! पुढची कितीतरी वर्षं एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जाण्यात गेली. वडील देवळात पुराण सांगायचे, मिळेल ते दानधर्मात द्यायचे. उपासतापास, स्नानं, प्रदक्षिणा, सगळं चालू. चालता चालता आईने रमेला संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक तिला पाठ होते. (आपल्याला तेराचा पाढा येत नाही!)

मग मद्रास भागात दुष्काळ पडला. जवळचे पैसे संपले, दागिने, भांडी, चांगले कपडे विकले गेले. मजुरी कधी केलेली नव्हती आणि भीक मागणं जमेना. त्यांनी आणखी उपास केले, आणखी जप केले. १८७४ साली वडील गेले, थोड्याच दिवसांत आई, मग मोठी बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. सोळा वर्षांची रमा इतरांपेक्षा बुटकी, म्हणून तिने आपल्या बाजूचा दांडा डोक्यावर घेतला. एवढं पुण्य करणाऱ्या माणसांच्या वाट्याला हे का यावं, हा प्रश्न तिच्या मनात तेव्हापासून राहिला.

पुढची काही वर्षं फार धावपळीची, म्हणून थोडक्यात सांगतो. ती आणि भाऊ श्रीनिवास पायी हजारो मैल फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या दुसऱ्या जातीच्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. रमाबाई पुण्याला आल्या, बायकांसाठी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंडला निघाल्या.

म्हणजे आपल्याकडेच! ऑक्सफर्डच्या नैऋत्येला वाँटेज नावाचं गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना या भगिनी लंडनमध्ये आसरा देत. ते पाहून रमाबाई चकित झाल्या, कारण अशा बायकांना कोणी जवळ घेतलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. सप्टेंबर १८८३ मध्ये मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात फार खळबळ झाली. पण रमाबाई वाँटेजच्याही पुरत्या झाल्या नाहीत! मांसाहार करायला त्यांनी नकार दिला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत का नकोत, असा वादही घातला. परदेशात राहून आपलं काय ठेवायचं, हा आपल्या घरोघरचा वाद त्यांनी तेव्हाच घालून झाला होता.

आणि गंमत अशी, की धर्म बदलूनही तो जुना प्रश्न सुटला नाही. प्रार्थना, उपासना, नियम सगळं त्या नेमाने करत होत्या. नावं नवी, पण मार्कांची वही तीच! आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. बरीच वर्षं इतरांना उपदेश केल्यावर आपल्यालाच खरी श्रद्धा नाही, हे त्या गृहस्थांना उमगलं होतं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, हे रमाबाईंना तेव्हा कळलं.

ही शिकवण सोप्या शब्दांत अशी. माणसाचं तारण त्याच्या सत्कृत्यांची मजुरी म्हणून मिळत नाही, ती देवाची देणगी आहे. विश्वासाने हात पुढे करून ती घ्यायची. वाढदिवसाच्या भेटीचं बिल आपण आईला देत नाही ना, तसं. पहिल्या शतकात प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत हे मांडलं आणि सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन लूथरने त्यावरून मोठं वादळ उठवलं. बायबलमध्येच याकोबाचं पत्र मात्र बजावतं, की कृतीशिवाय विश्वास मेलेला आहे. ख्रिस्ती लोकांत यावर शतकानुशतकं वाद झाले.

एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली, नंतर ती पुण्याला नेली. तिथे धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. पण त्या दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपणही मुलांना परक्यांच्या शाळेत सोडतो, म्हणून त्या पालकांची धास्ती आम्हाला कळते. आणि आपली प्रार्थना दार लावून करायची नाही, हा बाईंचा हट्टही कळतो.

आता तुम्ही म्हणाल, कामाचे मार्कच नसतील तर काम कशाला करायचं? १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचा दुष्काळ आठवला. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला जमीन होती, तिथे 'मुक्ति' उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार माणसं होती. विणकाम, तेलघाणा, गाईगुरं, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, काय नव्हतं तिथे! उपासतापासांवर वाढलेली ही बाई आता धान्याची पोती मोजत होती.

शेवटी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईलाही समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. १९२१ मध्ये मनोरमा वारली. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या आणि ते काम हातावेगळं होताच, ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं. ते बायबल त्यांच्यामागे मुक्तिच्या छापखान्यात छापून निघालं.

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. 'मुक्ति' अजून तिथे आहे. पुढच्या सुट्टीत तिकडे गेलात तर येऊन आम्हाला जरूर सांगा.